घर शाळेसाठी घ्यायचं, पण कोणत्या रेषेच्या आत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, सध्या न्यू जर्सीत एडिसनजवळ भाड्याने राहतात. मुलगी चार वर्षांची, मुलगा एक वर्षाचा. एक पर्याय न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचा. दुसरा टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोचा, कारण काम कुठूनही करता येतं. ‘दहापैकी दहा रेटिंगच्या शाळेत जाणाऱ्या घराला दीड लाख डॉलर जास्त पडतायत. द्यावेत का? आणि डिस्ट्रिक्ट ठरवायचं कशावरून?’

डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका बोर्डाखाली चालणाऱ्या सरकारी शाळांचा परिसर, ठरवणं हा त्यातला सोपा भाग. चुका होतात त्या पुढे, पत्ता ठरवताना. घराच्या प्रत्येक पत्त्याला एक एलिमेंटरी, एक मिडल आणि एक हायस्कूल लागतं, आणि ते कोणतं हे डिस्ट्रिक्टने आखलेल्या हद्दींवरून ठरतं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत तर शाळा चार: सुरुवातीच्या इयत्तांना एक, पुढे पाचवीपर्यंत दुसरी, मग मिडल, मग नॉर्थ किंवा साउथ हायस्कूल. एडिसन टाउनशिपचं डिस्ट्रिक्ट एकच आहे, पण उत्तरेकडची मुलं जे. पी. स्टीव्हन्सला जातात आणि दक्षिणेकडची एडिसन हायला. टॅक्सचा दर दोन्हीकडे तोच, घरांच्या किमती मात्र वेगळ्या. म्हणून ‘चांगलं डिस्ट्रिक्ट आहे’ एवढ्या माहितीवर ऑफर देऊ नका.

गावाचं नाव आणि शाळेचं डिस्ट्रिक्ट यांची गाठ प्रत्येक राज्यात वेगळी मारलेली असते. न्यू जर्सीत बहुतेक टाउनशिपचं स्वतःचं डिस्ट्रिक्ट असतं. व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये अख्ख्या काउंटीचं एकच. टेक्ससमध्ये शाळांच्या डिस्ट्रिक्टला शहराच्या हद्दीशी देणंघेणं नसतं: फ्रिस्को आयएसडीत (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट) प्लेनो, मकिनी, लिटल एल्मचे तुकडे येतात, आणि फ्रिस्को शहरातली काही घरं प्रॉस्पर किंवा लुइसव्हिल आयएसडीत जातात. कॅलिफोर्नियात कधीकधी आठवीपर्यंतचं डिस्ट्रिक्ट एक आणि हायस्कूलचं दुसरंच. तिथे फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट क्युपर्टिनो-सनीव्हेलसाठी आहे. फ्रीमाँट शहराचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्याचं फ्रीमाँट युनिफाइड वेगळं. नाव वाचून घर पसंत करणारे इथेच फसतात.

तुमच्या भागातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ०८५४० हा पिनकोड. जाहिरातीत ‘प्रिन्स्टन, न्यू जर्सी ०८५४०’ असं लिहिलेलं घर प्रिन्स्टनच्या शाळांत जाईलच असं नाही. या टपाली पत्त्याची घरं वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स अशा शेजारच्या गावांतही आहेत. पोस्टाचा पत्ता कुठल्या पोस्ट ऑफिसातून टपाल येतं एवढंच सांगतो. जाहिरात देणारा खोटं बोलत नसतो, पण पूर्ण खरंही सांगत नसतो. घर कोणत्या म्युनिसिपालिटीत आहे हे टॅक्सच्या बिलावर असतं, म्हणून ते बिल पहिल्याच दिवशी मागवा. टेक्ससमध्ये हेच काम काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टॅक्ससाठी घरांचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर होतं. तिथे पत्ता टाकला की कोणकोण टॅक्स घेतं त्याची यादी येते, आणि त्यात कोणत्या आयएसडीचं नाव आहे ते निर्विवाद असतं.

डिस्ट्रिक्टची खात्री झाली की शाळेची. झिलो-रेडफिनसारख्या घरविक्रीच्या साइटवर घराखाली दिसणारी शाळांची नावं अंदाज म्हणून वाचा. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या ‘स्कूल लोकेटर’मध्ये घरक्रमांकासकट पत्ता टाका, कारण हद्द पुष्कळदा रस्त्याच्या मधोमध जाते आणि सम-विषम क्रमांकाच्या घरांना वेगळी शाळा लागते. मग डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे प्रवेशनोंदणीच्या ऑफिसला फोन करा आणि उत्तर ईमेलवर मागा. विचारायच्या गोष्टी चारच: या पत्त्याला पुढच्या शैक्षणिक वर्षात कोणत्या शाळा लागतात, त्या शाळेत किंडरगार्टनला जागा आहे की मुलं दुसरीकडे पाठवली जातायत, हद्दी बदलण्याचा प्रस्ताव बोर्डापुढे आहे का, आणि बदल झालाच तर आधीपासून शिकणाऱ्या मुलांना, त्यांच्या धाकट्या भावंडांना तिथेच राहता येतं का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमच्या दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर आहे, तेव्हा तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं. हद्दीत घर आहे म्हणजे शाळेत जागा आहे असं सगळीकडे गृहीत धरता येत नाही. नॉर्थ कॅरोलिनात केरी-मॉरिसव्हिल-एपेक्स ज्या वेक काउंटीत येतात तिथे भरलेल्या शाळांवर ‘कॅप’ बसतो आणि नंतर राहायला आलेल्यांची मुलं दुसऱ्या शाळेत जातात. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्येही हाच प्रकार चालतो. जिथे भारतीय कुटुंबांची गर्दी झाली आहे तिथे हा प्रश्न हमखास विचारावा.

हद्दी बदलतात त्या दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं आधी दिसतात. पहिलं, नव्या वसाहती. फ्रिस्कोच्या वर प्रॉस्पर-सेलिनाकडे वस्ती इतक्या वेगाने वाढली की प्रॉस्पर आयएसडीने २०२० मध्ये रॉक हिल आणि २०२३ मध्ये वॉलनट ग्रोव्ह ही हायस्कूलं उघडली. नवं हायस्कूल उघडलं की जुन्यांची हद्द कापली जाते. तिथे बिल्डरचा विक्रेता ‘ही शाळा’ म्हणून बोट दाखवतो, तेव्हा मुलगी नववीत जाईपर्यंत दहा वर्षं आहेत हे लक्षात ठेवा. दुसरं कारण उलटं: पट घटणं. अमेरिकेत जन्मांची संख्या २००७ नंतर उतरत गेली, आणि घरं महाग झालेल्या जुन्या वस्त्यांत तरुण कुटुंबं कमी येतात. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टने २०२२ मध्ये प्राथमिक शाळा बंद केल्या. प्लेनो आयएसडीने २०२४ मध्ये चार शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला, फ्रिस्कोने स्टेली मिडल स्कूल. यातलं एकही डिस्ट्रिक्ट वाईट नाही.

पुढे काय होणार हे ओळखायला डिस्ट्रिक्टचा डेमोग्राफरचा अहवाल बघा. तो बोर्डाच्या सभेच्या कागदपत्रांत जोडलेला सापडतो. त्यात शाळावार तक्ता असतो: क्षमता, आजचा पट, पुढच्या पाच ते दहा वर्षांचा अंदाज. क्षमता ७००, पट ४२० आणि अंदाज ३६० असा आकडा दिसला तर ती शाळा बंद करण्याच्या यादीत येऊ शकते. क्षमता ७००, पट ७६० असेल तर हद्द तरी कापली जाईल किंवा मैदानावर पत्र्याचे वर्ग उभे राहतील. मधल्या आकड्यांची शाळा सगळ्यात स्थिर. आणि घर हद्दीच्या रेषेपासून किती आत आहे तेही नकाशावर मोजा. बदलाच्या वेळी पहिला तुकडा रेषेलगतचाच जातो. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं घर सहसा हलत नाही, कारण ते हलवलं तर डिस्ट्रिक्टला बसचा खर्च वाढतो.

आता रेटिंग. शाळांना रेटिंग देणाऱ्या साइटचे आकडे, म्हणजे ग्रेटस्कूल्सचा दहापैकी आकडा किंवा निशचा ए-प्लस, हे बऱ्याच अंशी परीक्षेच्या गुणांवर उभे असतात, आणि गुण घरच्या उत्पन्नाशी, आई-वडिलांच्या शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. आपल्या वस्त्यांत त्यात आणखी एक भर पडते. शाळा सुटल्यावर निम्मा वर्ग कुमॉनला किंवा रशियन मॅथला जात असेल, तर त्या शिकवणीचे गुणही शाळेच्याच खात्यात जमा होतात. मूल शाळेत आल्यावर किती पुढे सरकलं हे बघायचं तर वाढीचा आकडा शोधा. न्यू जर्सीच्या राज्य अहवालात प्रत्येक शाळेचा ‘मीडियन स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ दिलेला असतो. ५० म्हणजे मधोमध. गुण चढे पण वाढ ४२ अशी शाळा घरच्या जोरावर चालली आहे. गुण जरा कमी पण वाढ ६० असेल तर तिथले शिक्षक काम करतायत, आणि अशा शाळेच्या हद्दीतलं घर बहुधा स्वस्त मिळतं. तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा, एका वर्षाचा खाली-वर होतो. टेक्ससचा ए-ते-एफ निकाल पाहताना त्यातला ‘स्कूल प्रोग्रेस’ हा भाग वेगळा काढून वाचा. राज्याराज्यांची तुलना करायची असेल तर स्टॅनफर्डच्या एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्टच्या नकाशावर सरासरी गुण आणि शिकण्याचा वेग वेगवेगळा दाखवलेला आहे. न्यू जर्सीचा नऊ आणि टेक्ससचा नऊ हे एकाच मापाने मोजलेले नसतात, हे विसरू नका.

एजंटला ‘शाळा चांगली आहे का’ असं विचारलं की तो विषय बदलतो. त्यात त्याचा लबाडपणा नसतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली ग्राहकाला त्याचा वंश, धर्म वगैरे बघून विशिष्ट वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर ठरू शकतं, आणि शाळेची भलामण हा त्यातला नेहमीचा चोरदरवाजा असल्यामुळे शहाणा एजंट त्या वाटेला जात नाही. त्याला आकडे विचारा, ते तो देतो. या शाळेच्या झोनमधली, म्हणजे हद्दीतली, आणि रेषेपलीकडच्या झोनमधली, साधारण त्याच वयाची, त्याच क्षेत्रफळाची, गेल्या सहा महिन्यांत विकलेली चार-चार घरं मागा आणि चौरस फुटाचे दर शेजारी मांडा. जो फरक उरेल तो शाळेचा भाव. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी बॉस्टनच्या उपनगरांत याच रीतीने हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली होती. १९९९ मधला त्यांचा निष्कर्ष असा की शाळेचे गुण ५ टक्के जास्त असतील तर पालक घराला सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात. तुमच्यासमोरचा दीड लाखाचा फरक शाळेचाच आहे की नव्या स्वयंपाकघराचा आणि मोठ्या बॅकयार्डचाही, हे या तुलनेशिवाय कळणार नाही.

त्या दीड लाखाचा हिशेब सरळ आहे. सगळी रक्कम कर्जात धरली, व्याज ६.५ टक्के, मुदत ३० वर्षं, तर हप्ता महिन्याला साधारण ९५० डॉलरने वाढतो. टॅक्सचा दर २ टक्के धरला तर त्यात आणखी २५०. म्हणजे महिन्याला १,२०० डॉलर. किंडरगार्टन ते बारावी या १३ वर्षांत केवळ व्याज आणि टॅक्स मिळून दीड लाखाच्या घरात जातात. मुद्दल आणि चढलेली किंमत विकताना परत मिळेल, पण तेव्हाही त्या शाळेचा भाव टिकून असला तरच. लोक याची तुलना खासगी शाळेच्या वर्षाच्या तीस-चाळीस हजार डॉलर फीशी करतात आणि खूश होतात. ती तुलना चुकीची. तुलना करायची रेषेपलीकडच्या, जरा कमी रेटिंगच्या सरकारी शाळेशी. दहा आणि आठ यांतला फरक महिना १,२०० चा आहे का? बहुतेक वेळा नसतो. सात आणि चार यांतला असू शकतो.

न्यू जर्सीत सरासरी घराचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा शाळांना जातो. केंद्राच्या आयकरात राज्य-स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा २०२५ पासून १० हजारांवरून ४० हजारांवर नेली आहे, पण पाच लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ती घटत जाते. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्याचं उट्टं घरपट्टीत निघतं. तिथल्या नव्या बांधकामात एक खड्डा ठरलेला आहे. १ जानेवारीला घर उभं नव्हतं म्हणून पहिल्या वर्षीचं बिल नुसत्या जमिनीवर येतं. घर साडेसहा लाखांचं, जमीन दीड लाखाची, दर २ टक्के असेल तर पहिलं बिल ३,००० आणि पुढचं १३,०००. एस्क्रो, म्हणजे हप्त्यातूनच टॅक्ससाठी बाजूला जाणारी रक्कम, ३,००० वर बांधलेला असतो. दुसऱ्या वर्षी हप्ता महिन्याला ८३० ने वाढतो आणि त्याच्यावर मागची तूट वेगळी. तेव्हा पहिल्या महिन्यापासून पूर्ण बिलाच्या हिशेबाने पैसे बाजूला काढा. शिवाय एमयूडी किंवा पीआयडी असं काही लागतं का ते विचारा. पाणी, गटार, रस्त्यांच्या कर्जाचा तो भार नव्या वसाहतीवर असतो आणि शाळेशी त्याचा संबंध नसतो.

मूल कसं आहे हा प्रश्न या सगळ्याच्या वर. टेक्ससमध्ये तो थेट प्रवेशाशी जोडलेला आहे. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या मुलांना आपोआप प्रवेश मिळतो. ती मर्यादा आधी ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के केली. पाचशेच्या वर्गात पंचवीस मुलं. ज्या शाळेत दीडशे मुलं एपी (हायस्कूलमधल्या कॉलेजच्या पातळीच्या) विषयांत पूर्ण गुण मिळवणारी आहेत तिथे तुमचं हुशार मूल चाळिसावं येऊ शकतं, आणि शेजारच्या मध्यम शाळेत तेच दहावं. म्हणजे दीड लाख जास्त मोजून तुम्ही प्रवेशाची शक्यता कमी करून घेता. प्रवेश मिळाला तरी कॉम्प्युटर सायन्ससारख्या विभागाची हमी त्यात नसते, तेही ध्यानात असू द्या. न्यू जर्सीत असा नियम नाही. पण तिथे ताणाचा मुद्दा आहे: २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडंटनी पालकांना भलंमोठं पत्र लिहून तो ऐरणीवर आणला, हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या. पालकांत उभी फूट पडली होती. त्या फुटीत तुम्ही दोघं कोणत्या बाजूला असता, हे घर बघायच्या आधी आपसांत बोलून घ्या.

याच डिस्ट्रिक्टची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आहे आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. शाळा त्याच, पण काउंटीच्या मॅग्नेट शाळा (निवडून प्रवेश देणाऱ्या, खास विषयांच्या) त्या काउंटीत राहणाऱ्यांसाठी असतात. मुलीला पुढे एडिसनमधल्या मिडलसेक्स काउंटीच्या विज्ञान-अभियांत्रिकी अकादमीची परीक्षा द्यायची असेल तर पत्ता प्लेन्सबरोचा हवा. दोन्ही टाउनशिपचे टॅक्सही वेगळे. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनजवळ म्हणून वेस्ट विंडसरचा भाव चढा असतो. रोज न्यूयॉर्कला जायचं नसेल तर तो भाव तुम्ही कशासाठी भरताय ते बघा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रोजच्या जगण्यात नडणाऱ्या गोष्टी. न्यू जर्सीत आठवीपर्यंत दोन मैल आणि हायस्कूलला अडीच मैल यांच्या पलीकडे असाल तरच बस मिळण्याचा कायदेशीर हक्क. पावणेदोन मैलांवरचं घर असेल तर पैसे भरून बस मिळते का ते विचारा. किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं आहे की अर्ध्या. शाळेनंतरच्या केअरला प्रतीक्षायादी किती. दोघं नोकरी करणाऱ्यांना शाळेच्या रेटिंगपेक्षा हे जास्त नडतं. प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा विचारतात, तिथे मराठी लिहायला लोक बिचकतात, कारण मग इंग्रजीची चाचणी होते. खरं ते लिहा. चाचणी होईल, मुलगी पास झाली तर विषय संपला, आणि नाही झाली तर फुकट मदत मिळेल.

घर घ्यायची घाई असलीच पाहिजे असंही नाही. शाळेत हक्क राहण्याने मिळतो, मालकीने नाही. भाड्याचा करार आणि विजेचं बिल तेवढंच चालतं. आई-वडिलांचा व्हिसा कुठला आहे यावर सरकारी शाळेचा प्रवेश अडत नाही. ज्या झोनमध्ये घर घ्यायचं मनात आहे तिथेच वर्षभर भाड्याने राहून पाहणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग, विशेषतः ग्रीन कार्ड लटकलेलं असताना.

ऑफर स्वीकारली गेल्यावरचे दिवस मोजके असतात. न्यू जर्सीत वकिलाच्या तपासणीचे तीन कामकाजाचे दिवस, टेक्ससमध्ये ऑप्शन पीरियड, म्हणजे करारातून बाहेर पडता येण्याची मुदत, बहुधा पाच ते दहा दिवसांची. शाळेची लेखी खात्री त्याच्या आत हातात हवी. नंतर कळलं की शाळा दुसरीच आहे, तर नेहमीच्या करारात त्या कारणाने माघार घेता येत नाही; ठेव बुडते. म्हणूनच रजिस्ट्रारला फोन ऑफरच्या आधी करायचा.

तुमच्या बाबतीत माझं मत: फ्रिस्कोला फक्त शाळेसाठी जाऊ नका, घराचा आकार, कर, नातेवाईक अशी दुसरी कारणं असतील तर जा. न्यू जर्सीत राहायचं ठरलं तर प्लेन्सबरोत वर्षभर भाड्याने राहा, आणि दहा रेटिंगचा हट्ट सोडून हद्दीच्या आत खोलवर असलेलं, वाढ ५५ च्या वर असलेल्या एलिमेंटरीचं घर शोधा. मुलीची जन्मतारीख मात्र आजच तपासा. टेक्ससमध्ये किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. न्यू जर्सीत बरीच डिस्ट्रिक्ट १ ऑक्टोबर धरतात. वाढदिवस सप्टेंबरातला असेल तर इकडे ती यंदा शाळेत जाईल आणि तिकडे डेकेअरचं आणखी एक वर्ष भरावं लागेल.